काळे पडलेले जर्मलचे चाक

आपल्या घरात जर्मलचे एखादे पातेले असतेच. जर्मल म्हणजे ॲल्युमिनिअम. दुकानदार ॲल्युमिनिअम म्हणतो, आपली आजी जर्मल म्हणते. धातू एकच. हे पातेले राखेने घासत राहिले तर काळपट पडते. त्यात चिंचेचे पाणी उकळले की आतून पांढरे लख्ख होते. असे का होते, हे आपण कधी कोणाला विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. सारा जन्म शाळेत गेला, मुलांना शास्त्र शिकवले, पण घरच्या पातेल्याकडे लक्ष गेले नाही. ते गेले एका गाडीच्या चाकामुळे. तीच हकीकत येथे सांगतो.

आमची चामटोली बदलापूर आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला मोठा पूर आला. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्या गावाजवळ पाण्यात अडकली. आत हजारावर माणसे होती. सगळी सुखरूप बाहेर निघाली. तेव्हा चामटोलीचे नाव देशभर झाले. सांगायचे कारण एवढेच, की आमच्याकडे पाऊस कसा असतो आणि पाणी कुठवर चढते, याची तुम्हाला कल्पना यावी. गाडी असो की औत असो, चार महिने त्याच्या अंगावर ओल असते.

गावाबाहेर रस्त्याला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर चार पत्रे, एक जॅक आणि हवा भरायचे मशीन. पंक्चर काढणे हे मुख्य काम. दिवाळी झाल्यावर त्याच्याकडे एक घरगाडी आली. घरगाडी म्हणजे गाडीतच घर. आत निजायला खाट, स्वयंपाकाचा ओटा, छोटी मोरीसुद्धा. आपले लोक पूर्वी बैलगाडीत पीठमीठ घालून जत्रेला जात, त्यातलाच हा प्रकार, फक्त इंजिनाचा. अशा गाड्यांतून लोकांनी प्रवास करावा म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये एक धोरणही आणले.

ही गाडी सगळा पावसाळा कोणाच्या तरी वाडीत चिखलात उभी होती. तिची चाके ॲल्युमिनिअमची. कधीकाळी ती आरशासारखी असतील. आता त्यांवर पांढरी भुकटी धरली होती, मध्ये काळे ओघळ, कडेला बारीक खड्डे.

मालक म्हणाला, “ही चारी चाकं चकचकीत करून दे. चाकामागे पाचशे रुपये देतो.”

पंक्चर काढणाऱ्याला दोन हजार रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. पोरगा हो म्हणाला.

त्याने बाजारातून एक बाटली आणली. बाटलीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. विकणाऱ्याने सांगितले, “चाक उजळायचं पाणी आहे. ओत आणि धू.” त्याने एका चाकावर ते ओतले. फेस आला, फसफस झाली, आणि चाक पांढरे पडले. त्याला वाटले, काम झाले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो चाक चुना लावल्यासारखे भुरकट, डाग-डाग झालेले. पण ते सोडा. आदल्या रात्रीच त्याचे बोट दुखू लागले होते. दुपारी बोटाला काही थेंब लागले, तेव्हा काहीच वाटले नव्हते. रात्री मात्र हाडात कोणी सुई घातल्यासारखी कळ येऊ लागली. बदलापूरला दवाखान्यात न्यावे लागले. बोट वाचले. नख काळे पडून गळाले.

या पाण्यात पुष्कळदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड नावाचे तीव्र ॲसिड असते. इतर ॲसिडे कातडी भाजतात आणि लगेच आग होते, म्हणून माणूस हात झटकतो. हे ॲसिड गुपचूप आत उतरते. दुखणे काही तासांनी सुरू होते. ते शरीरातले कॅल्शिअम खाते. फार लागले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून असे काही अंगावर पडले तर दुखण्याची वाट पाहू नका. निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, आणि बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना सांगा, “चाक धुण्याचं ॲसिड लागलंय.” त्यावर कॅल्शिअमचे खास औषध असते. हळद, तूप, टूथपेस्ट लावून घरी बसू नये.

बोट बरे झाल्यावर तो आमच्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, शास्त्र तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. आता सांगा, हे चाक नीट कसं होईल? मालकाला शब्द दिलाय.”

आम्ही त्याला खरे तेच सांगितले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चाकाचे शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हते. पण पुस्तके आहेत आणि वाचता येते. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षे धातूचे काम केलेले आमचे एक स्नेही आहेत, त्यांनाही गाठले. मग आम्ही तिघे कामाला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी. लोखंडाला हवा आणि पाणी लागले की गंज चढतो. हा गंज पापुद्र्यासारखा सुटतो, आत पुन्हा लोखंड उघडे पडते, त्यालाही गंज चढतो. असे करत करत विळा संपतो. ॲल्युमिनिअमला हवा लागली की त्यावरही थर येतो. पण तो सायीसारखा घट्ट धरून बसतो. तो इतका पातळ असतो की केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढाही भरणार नाही. तरी खालच्या धातूला तो राखतो. आणि कठीण किती म्हणावा? कुरुंदाचा दगड तुम्हाला माहीत आहे. धार लावायच्या चाकात त्याची पूड असते. कुरुंद म्हणजे हाच पदार्थ, जमिनीत तयार झालेला. माणिक आणि नीलम ही रत्नेही मुळात तीच. म्हणजे तुमच्या पातेल्यावर माणकाच्या जातीचा पदार्थ बसलेला असतो, बरे का! बाजारात मात्र त्याचे कोणी काही देणार नाही.

मग हा थर असताना चाक खराब का झाले? कारण या सायीला दोन वैरी आहेत. एक आंबट, दुसरा खारट-तुरट. म्हणजे ॲसिड आणि क्षार. चिंच, लिंबू, ताक यांनी ती विरघळते. राख, धुण्याचा सोडा, चुना, ओले सिमेंट यांनीही विरघळते. म्हणून चिंचेने पातेले आतून उजळते. उजळते म्हणजे वरचा थर अन्नात गेला! आंबट कढी किंवा लोणचे जर्मलच्या भांड्यात ठेवू नये म्हणतात, ते याचसाठी. राखेने आणि सोड्याने तेच पातेले काळवंडते.

चाकाच्या बाबतीत आणखी भर पडते. ब्रेक लावला की लोखंडाची बारीक गरम पूड उडते आणि चाकाला चिकटते. वर चिखल बसतो. चिखलाखाली ओल राहते. समुद्राकडे गाडी नेली तर मीठ लागते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, हे जमले की तिथे विजेच्या बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो, आणि त्यात ॲल्युमिनिअम झिजते. पांढरी भुकटी हा त्या झिजेचा अवशेष.

हा धातू मिळवायला किती कष्ट पडतात तेही वाचून आम्ही थक्क झालो. जमिनीत तो सगळीकडे आहे, मातीतसुद्धा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर बॉक्साइट नावाचा तांबूस दगड निघतो, त्यात तो भरपूर असतो. पण दगडातून धातू सुटा होत नसे. १८२५ पर्यंत कोणाला तो पाहायलाही मिळाला नव्हता. एकेकाळी तो चांदीसारखा महाग होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या जोरावर तो सुटा करण्याची एकच रीत शोधली. दोघेही तेविशीच्या आतबाहेरचे होते. आजही त्याच रीतीने तो काढतात. एका किलोला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. आपल्या घरात एक दिवा जळतो, पंखा फिरतो, त्या हिशेबाने ही काही दिवसांची वीज झाली. जुने भंगार वितळवायला मात्र त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढीच शक्ती पुरते. भंगारवाला जर्मलला चांगला भाव देतो, तो उगीच नव्हे.

आता कामाकडे वळू.

सगळी चकचकीत चाके सारखी नसतात. आधी लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर चाक लोखंडी. न चिकटले तर बहुधा ॲल्युमिनिअम. मग मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापडाला थोडे धातूचे पॉलिश लावून घासावे. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे. काळे न झाले तर वर पारदर्शक रंगाचा, म्हणजे लॅकरचा, थर आहे. तो चांगला असेल तर नुसते धुवावे आणि मेण लावावे. घासू नये. तो फुटला असेल, त्याखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा दिसत असतील, तर आधी तो रंग काढावा लागतो. रंग काढायचे औषध उघड्या हवेत, हातमोजे घालून वापरावे. त्याची वाफ बंद खोलीत माणसाला बेशुद्ध करते. आमच्या चाकांना लॅकर नव्हते.

चाक थंड असताना धुतले. साधे पाणी, अंग धुवायचा साबण, मऊ ब्रश. सोडा नाही, संडासचे ॲसिड नाही, तारेची घासणी नाही. ब्रेकची पूड कोरडी झटकू नये, तोंडाने फुंकू नये, हवेच्या मशीनने उडवू नये. काही ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ते छातीत गेले तर बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावे.

चारी चाके धुऊन झाली. पोरगा लगेच घासायला बसला. आमचे स्नेही म्हणाले, “थांब. आधी बघू दे.”

ॲल्युमिनिअमच्या ओतीव चाकाचा एक स्वभाव आहे. लोखंडी पत्र्याचे चाक खड्ड्यात आपटले की वाकते. वाकले की डोळ्याला दिसते. ओतीव चाकाला बारीक चीर जाते. दिसत नाही. गाडी धावत राहते, प्रत्येक फेऱ्याला चीर थोडी थोडी उघडते आणि मिटते, आणि एक दिवस चाक तुटते. चीर शोधायची जागा म्हणजे बोल्टच्या भोकांभोवती, आऱ्यांच्या मुळाशी आणि टायर बसतो त्या कडेला.

त्यांनी सांगितलेली युक्ती आम्हाला फार आवडली, कारण तिला लागतो खडू! पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांतून अशीच तपासणी चालत असे. चाक स्वच्छ कोरडे करावे. त्यावर रॉकेल किंवा डिझेल फडक्याने चोळावे आणि काही वेळ मुरू द्यावे. मग फडक्याने पुसून अगदी कोरडे करावे. आता खडूची बारीक पूड वर हलकी पसरावी. चीर असेल तर तिच्यात मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. त्या वेळी आसपास विडी ओढू नये, हे सांगायला नकोच, पण आम्ही सांगतो. आणि खडूवर रेघ उमटली नाही म्हणजे चाक शंभर टक्के निर्दोष, असे मात्र समजू नये. संशय असेल तर चाकाच्या जाणकाराकडे न्यावे.

पहिल्या दोन चाकांवर काही नाही. तिसऱ्या चाकावर, बोल्टच्या भोकापासून निघून आऱ्याकडे गेलेली, बोटभर लांब रेघ उमटली. केसाएवढी. पोरगा बराच वेळ बघत राहिला. त्याने फोन करून मालकाला बोलावले.

मालकाने वाकून पाहिले. म्हणाला, “अरे, एवढीशी तर रेघ आहे. पॉलिश कर, कोणाला दिसणार आहे?”

पोरगा म्हणाला, “साहेब, तुमची पोरं या गाडीत झोपतात.”

मालक काही बोलला नाही. “चिरेवर वेल्डिंग कर” असेही त्याने नंतर सुचवले. तेही आम्ही नको म्हणालो. चाकाला कारखान्यात ठरावीक आच देऊन बळ आणलेले असते. रस्त्यावरच्या वेल्डिंगची आच ते बळ घालवते. वरून सांधलेले दिसते, आत मऊ राहते. शेवटी मालकाने नवे चाक मागवायचे कबूल केले. ते चाक काढून तेथे स्टेपनी चढवली. पोरग्याचे पाचशे रुपये गेले.

उरलेली तीन चाके घासली. यासाठी पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर मिळतो. त्याच्या मागे आकडा असतो. आकडा लहान तितका पेपर खरखरीत. ॲसिडाने खाल्लेल्या चाकाला ४०० पासून सुरुवात करावी लागली. मग ६००, ८००, १०००, १५०० आणि शेवटी २०००. बाकीच्या दोघांना ८०० पासून पुरले. दर वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा आकडा घेऊ नये. येथेच सगळे घाई करतात. मग शेवटी चमक येते आणि चमकेत ओरखडेही चमकतात. ॲसिडाच्या एका चाकाला दोन दिवस लागले. बाकी दोन्ही मिळून एक दिवस. उजळायचे पाणी म्हणून आणले, त्याने काम वाढवले. टायर बसतो ती कड, बोल्ट बसतात त्या जागा आणि चाक ड्रमला टेकते ती बाजू घासू नये. तेथले माप बिघडते.

पेपर सतत ओला ठेवावा. कोरडे घासले तर ॲल्युमिनिअमची पूड उडते, छातीत जाते. शिवाय ती पेट घेते. फुलबाजीच्या पांढऱ्या ठिणग्या ॲल्युमिनिअमच्याच पुडीच्या असतात. आपल्या गावाजवळून लोहमार्ग जातो. त्याचे रूळ जोडताना लोखंडाच्या गंजासारखी पूड आणि ॲल्युमिनिअमची पूड एकत्र करून पेटवतात, आणि त्या आचेने लोखंडाचे पाणी होते. म्हणून ज्या ग्राइंडरवर लोखंड घासले त्याच ग्राइंडरवर ॲल्युमिनिअम घासून दोन्ही पुडी एका जागी साचू देऊ नये.

मग पॉलिश. डबीतले धातूचे पॉलिश बोटभर घेऊन जुन्या सुती धोतराच्या फडक्याने गोल गोल चोळावे. फडके काळेकुट्ट होते. पोरगा घाबरला, “गुरुजी, हे तर आणखी काळं होतंय!” घाबरू नये. तो काळा रंग म्हणजे निघालेला धातूच. चोळत राहावे, फडके बदलावे. शेवटचा तेलकट काळपटपणा काढायला ट्रकवाले चाकावर कोरडे पीठ भुरभुरून पुसतात. त्याने खरेच उत्तम निघते. आमच्या घरी मात्र या कामाला पीठ मिळाले नाही. वर दोन शब्द ऐकावे लागले. चक्कीच्या जमिनीवर सांडलेले पीठ मागून आणले.

चाकात तोंड दिसू लागले. पण उघडा धातू आहे, आणि आमच्याकडचा पाऊस आहे. वर मेणाचा पातळ हात दिला नाही तर काही आठवड्यांत पुन्हा मळकट होते. मेण लावले तरी दर दोन-तीन महिन्यांनी धुऊन पुन्हा लावावे लागते. आमचे मत विचाराल तर दुधाच्या टेम्पोला किंवा भाजीच्या गाडीला आरशाची हौस नको. धुवावे, चीर पाहावी, मेण किंवा चांगला रंग लावावा, पुरे. चकाकी ज्याला परवडते त्याने करावी.

चाके चढवताना बोल्ट समोरासमोरचे आवळले. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा. गोल फिरत एका बाजूने आवळत गेले तर चाक तिरके बसते. कंपनीने जेवढे सांगितले तेवढेच आवळावे. पाइप लावून अंगाचा जोर घालू नये. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावे, कारण चाक एकदा काढून बसवले की बोल्ट थोडे सैल पडतात. मालकाला तसे सांगितले. तो आठ दिवसांनी नवे चाक घेऊन आला, तेव्हा बोल्ट तपासले. दोन सैल निघाले.

चिरलेले चाक मालकाने तेथेच सोडले होते. पोरगा ते तसेच भंगारात देणार होता. आमचे स्नेही म्हणाले, “आधी मोड. नाहीतर कोणी पॉलिश करून पुन्हा विकेल.” त्याने घण घेतला. चौथ्या घावाला चाक चिरेवरच फुटले. आम्ही तुकडा हातात घेऊन पाहिला. जेथवर चीर आधीच गेली होती, तेथवर धातू काळपट होता. पुढचा ताजा, पांढरा, साखरेच्या दाण्यासारखा. बाहेरून बोटभर दिसणारी चीर आतून चार बोटे गेली होती.

तुकडे तागडीत घातले. भंगारवाल्याने जर्मलच्या भावाने पैसे दिले.